रिकामा फेरा

“घेण्यासारखं आहे का, एवढंच सांगा, मिस्त्री.”

दस्तगीर मिस्त्री मशीनकडे बघत उभे राहिले.

मशीन म्हणजे लोखंड कातायचा लेथ. पण केवढा? बाजाच्या पेटीएवढा. दातांचे डॉक्टर पेंढारकर यांनी तो हौसेसाठी घेतला होता आणि दवाखान्यामागच्या खोलीत बसून ते त्यावर जुन्या घड्याळांचे सुटे भाग बनवायचे. डॉक्टरांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई लेथ विकायला तयार होत्या, पण घेणाऱ्याने तो चालवला पाहिजे, शोभेला ठेवता कामा नये, अशी त्यांची अट होती.

घेणारे होते जयवंतराव इंगवले. पंपाच्या कारखान्यातून जनरल मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. येताना त्यांनी डायल गेज आणलं होतं, जाडी मोजायचा मायक्रोमीटर आणला होता, आणि तपासणीची चार पानी यादीही आणली होती. असे लोक सल्ला मागायला येतात तेव्हा मत घरूनच घेऊन येतात. त्यांना खाली दुसऱ्याची सही तेवढी हवी असते.

सही ज्यांची हवी होती ते मिस्त्री ब्याऐंशी वर्षांचे होते. एकोणीस वर्षांच्या जयवंतला लेथवर पहिल्यांदा उभं केलं ते यांनीच. नंतर मिस्त्री निवृत्त झाले, आणि मग चोवीस वर्षं दोघांची गाठ नाही. आज सकाळी गाडी दारात आली तेव्हा मिस्त्रींनी टोपी घातली आणि ते निघाले. एवढ्या वर्षांनी कसा काय आलास, हेही त्यांनी विचारलं नाही.

“चक सरळ फिरतो,” लेथच्या फिरत्या पकडीकडे बघत जयवंतराव यादीवर बोट ठेवून म्हणाले. “खालचा बेड झिजलेला नाही. पण हे बघा.”

कापणारं टूल पुढेमागे नेणारं हँडल त्यांनी पुढे फिरवलं आणि मग उलटं फिरवलं. हँडल फिरलं, टूल जागचं हललं नाही. पाव फेरा झाल्यावर ते मागे सरकू लागलं.

“प्ले आहे. उलटं फिरवलं की पाव फेरा रिकामा जातो.”

“जातोय की.”

“म्हणजे नको घ्यायला?”

“कुठल्या मशीनचा जात न्हाई, साहेब?”

मिस्त्री सकाळपासून साहेबच म्हणत होते. पूर्वी जया म्हणायचे. जयवंतरावांना ते टोचत होतं, पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

मंदाकिनीबाई चहा घेऊन आल्या. मिस्त्रींनी लेथच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं आणि ते उजेडात धरून बघितलं. बोटाला स्वच्छ तेल लागलं होतं.

“डाक्टर रोज पुसत हुते?”

“जेवायला हाक मारली तरी आधी ते पुसायचे,” बाई म्हणाल्या. “मग स्वतःचे हात धुवायचे. तोवर भात गार.”

त्या जरा हसल्या, डोळे पुसले आणि कप ठेवून आत गेल्या.

“मशीन चांगलं हाय,” मिस्त्री म्हणाले.

“मग घेऊन टाकू?”

“जरा चालवून दावा.”

जयवंतरावांनी बाह्या वर केल्या. पितळेची एक कांडी चकमध्ये आवळली आणि बटणाकडे हात नेला.

“घड्याळ.”

जयवंतरावांचा हात तिथेच थांबला. लेथवर उभं राहताना मनगटात काही ठेवायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा पहिला धडा होता. त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. त्यांचे कान तापले होते.

“चाळीसवर आणा.”

हँडलच्या डायलवर आकडे होते. जयवंतराव हँडल फिरवू लागले. तीस... पस्तीस... बोटं पूर्वीची राहिली नव्हती. चाळीसवर थांबायचं ते बेचाळीसवर गेलं.

दोन घरं मागे घेत ते म्हणाले, “चाळीस.”

“कापा.”

मशीन सुरू झालं. पितळेचे बारीक कण उडाले, खोलीत तेलाचा वास आला, आणि त्या पाच मिनिटांत जयवंतरावांचा चेहरा कितीतरी तरुण दिसला. इतक्या वर्षांच्या मीटिंगांमध्ये तो तसा कधी दिसला नसेल.

“मोजा आता.”

त्यांनी मायक्रोमीटर लावला. पुन्हा लावला.

कांडी बारीक भरली. दोन घरं जास्त कापली गेली होती.

“पण डायलवर तर चाळीस आहे...”

“आकडा मागं आला, साहेब. टूल न्हाई आलं.”

जयवंतरावांनी यादी उचलली. पाव फेरा रिकामा जातो, हे अर्ध्या तासापूर्वी त्यांनीच चार पानी यादीत लिहिलं होतं. लिहिलं होतं, आणि तरी नेमके तसेच मागे आले होते.

“चुकून फुडं गेलं तर काय करायचं?” मिस्त्रींनी विचारलं. “काय शिकीवलं हुतं?”

“चुकलं तेवढंच मागे यायचं नाही.”

“मग?”

“पुरा एक फेरा मागे जायचं. मग पुढे यायचं.”

“करा की मग.”

जयवंतरावांनी हँडलवर हात ठेवला. पण ते फिरवेनात.



“मिस्त्री, तो रिपोर्ट मी लिहिला होता.”

मिस्त्रींनी चहाचा कप उचलला.

एकोणतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्यात नवी मशीनं यायची होती. जुन्यांतली कुठली भंगारात काढायची आणि त्यांवरच्या माणसांचं काय करायचं, याचा रिपोर्ट तरुण इंजिनियर इंगवले यांच्याकडे आला. सात नंबरचा लेथ दस्तगीर मिस्त्रींचा. रिपोर्टात त्याच्यापुढे लिहिलं गेलं, प्ले फार, दुरुस्त करण्यासारखं नाही. लेथ भंगारात गेला. मिस्त्रींना स्टोअरमध्ये बसवलं. तिथे ते निवृत्तीपर्यंत हातमोजे आणि पुसायच्या चिंध्या वाटत होते.

“ठावं हाय,” मिस्त्री म्हणाले.

“रिपोर्ट इंग्रजीत होता.”

“सात नंबर आन् माझं नाव. तेवढं वाचता येतंय मला.”

“वरून दबाव होता, मिस्त्री. कुणाची तरी नावं द्यावीच लागणार होती. मला फार वाईट वाटतं. किती वेळा यावं म्हटलं तुमच्याकडे, पण...”

मिस्त्री हँडलवरच्या त्या हाताकडे बघत होते.

“अजून मागं,” ते म्हणाले.

जयवंतरावांना कळलं. साठी उलटलेला माणूस, पण तोंड शाळेत पकडल्या गेलेल्या पोरासारखं झालं.

ते त्या रिपोर्टाच्याही मागे गेले.

“मी एकोणीस वर्षांचा होतो. तुम्ही मला सातवर उभं केलं होतं. पंपाचा मोठा शाफ्ट. माझ्याकडून असंच झालं, आकडा मागे आणला आणि कापला. शाफ्ट बाद. फोरमन आला तेव्हा तुम्ही म्हणालात, माझ्या हातून गेला. रजिस्टरमध्ये तुमचं नाव लागलं.”

“हं...”

“ती नोंद मी रिपोर्टात घातली.”

बाहेर रस्त्यावर भंगारवाल्याची हाक आली आणि लांब गेली.

“या कामगाराच्या हातून शाफ्ट बाद झालेला आहे, असं लिहिलं. तो माझा होता, मिस्त्री. लिहिताना मला आठवत होतं. पेन थांबलं होतं माझं. थोडा वेळ थांबलं, आणि मी लिहिलं.” त्यांनी हँडलवरचा हात काढून घेतला. “त्याची लाज वाटते मला. मशीनचं सोडा, ते आज ना उद्या जाणारच होतं. पण हे कुणी मागितलं नव्हतं. हे मी माझ्या मनाने घातलं.”

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता, आणि तो हवेतल्या हवेत काहीतरी फिरवल्यासारखा हलत होता.

“पयलं वरीस लई जड गेलं,” ते म्हणाले. “जेवाय बसलो की ताटच फिरवायचो, असं. बायकू हसायची.”

जरा थांबून ते म्हणाले, “मग तिनं हसायचं सोडलं.”



मिस्त्री उठले. त्यांनी चकमधून ती बारीक झालेली कांडी सोडवली आणि जयवंतरावांच्या तळहातावर ठेवली.

“ह्यो बाद तुकडा तुमच्या नावावर.”

जयवंतरावांनी मान हलवली. कांडी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

मिस्त्रींनी डॉक्टरांच्या डब्यातून दुसरी कांडी घेतली. ती चकमध्ये घालून त्यांनी किल्लीने आवळली. किल्ली काढून त्यांनी बाजूला ठेवली आणि पुसलेल्या जागेवरूनच पुन्हा एकदा चिंधी फिरवली.

मंदाकिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मग? काय ठरलं? घेताय का?”



जयवंतरावांनी हँडल धरलं आणि उलटं फिरवायला सुरुवात केली. पाव फेरा रिकामा गेला. मग टूल सरकू लागलं. अर्धा... पाऊण... पुरा फेरा मागे आल्यावर ते थांबले आणि मिस्त्रींकडे बघत राहिले.

मिस्त्रींनी वाकून डोळे डायलजवळ नेले.

“आता ये फुडं, जया. हळू.”