ठकूची ओसरी

आंबोणी घाटाच्या माथ्यावरून खाली उतरू लागलं, की एका चिंचोळ्या वळणावर कातळाच्या पोटात खोबण दिसते. पाठीवर ओझं असलेला एक बैल मावेल, एवढीच. तिला ठकूची ओसरी म्हणतात. उतरणाऱ्याने आपली गाडी इथे आत घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि खालून कुणी चढत नाही ना, ते कान देऊन ऐकायचं, असा रिवाज आहे.

मोटरसायकल मेळाव्याला आलेल्या मंडळींना घाट दाखवायला गावचे आबा झोरे बरोबर होते. ते सर्वांत पुढच्या गाडीवर मागे बसले होते. वळण आलं तशी त्यांनी पुढच्या परागच्या खांद्यावर थाप मारली.

"आत घे. बंद कर."

"आबा, समोर तर चिटपाखरूसुद्धा नाही," पराग म्हणाला. "नागपूरहून एवढी गाडी दामटत आणली, ती काय कोपऱ्यात उभी करायला?"

"तुझ्या गाडीच्या आवाजात खालून हत्ती आला तरी कळायचा नाही. बंद कर, मग सांगतो."

मागच्या गाड्याही एकेक करून शांत झाल्या. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.

डांबर यायच्या फार आधी इथून नुसती बैलांची पायवाट होती म्हणे. कोकणातून मीठ वर चढायचं आणि देशावरचा गूळ खाली उतरायचा, तो बैलांच्या पाठीवरून. या वळणावर दोन बैल समोरासमोर आले, तर एकाला मागे सरावंच लागे. एकदा ठकूचा नवरा गुणाजी गूळ घेऊन उतरत होता आणि सुभाना नावाचा कोकणातला माणूस मीठ घेऊन चढत होता. दोघे नेमके इथे भेटले.

"मी ओझं घेऊन चढलोय," सुभाना म्हणाला.

"मी वळणावर आधी आलोय," गुणाजी म्हणाला.

ऊन डोक्यावरून कललं, तरी कुणी पाऊल मागे घेईना. शेवटी बैलांनीच शिंगाला शिंग लावलं, आणि गुणाजी बैलासकट दरीत गेला. चूक दोघांची होती, दरीत मात्र एकच गेला, असं सांगतात.

ठकूला बातमी कळली तेव्हा तिने रडण्याआधी डोळे घट्ट मिटले. आपला माणूस मागे सरला नसणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

गाव चवताळलं. धाकटा दीर बाभळीच्या काट्या तोडून निघाला. "वैनी, वाटच बुजवतो. त्याचं मीठ पुन्हा वर चढायचं न्हाई."

"आणि गावानं अळणी जेवायचं व्हय, भावजी?" ठकू म्हणाली. "वाट बुजवायची न्हाई. रुंद करायची."

तिने घाटजाईपुढे हात जोडले. दोन लादलेले बैल इथून एकमेकांना न शिवता जाईपर्यंत आपल्या जिभेला मीठ लागणार नाही, असा तिने नेम धरला.

मग ती छिन्नी-हातोडा घेऊन वळणावर बसली. पोटासाठी गुळाच्या खेपा करायची आणि उरलेल्या वेळात कातळ फोडायची. अळणी भाकरी घशाखाली उतरेना, ती पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची. हाताच्या सालपटांवर हळद दाबून पुन्हा हातोडा उचलायची. येणारेजाणारे हसत. "ठकू डोंगर पोखरतेय, उंदीर काढंल!"

"काढंन की," ती मान वर न करता म्हणे. "त्याला तरी उभं राहायला जागा हुईल."

कितीतरी पावसाळे गेले. खोबण बैलाएवढी होत आली, पण आतला कातळ काळा, वीतभर काही केल्या सुटेना. अशात एकदा ती आपला मोऱ्या बैल घेऊन उतरत होती. मागे दीर होता. वळणावर पाहते तो खालून सुभाना चढत आलेला. इतक्या वर्षांत तो या वाटेला फिरकला नव्हता. त्याच्या बैलाच्या तोंडाला फेस होता, पुढचे गुडघे लटपटत होते. मागे वळायला त्याला जागा नव्हती.

"वैनी, हलू नका!" दीर ओरडला. "आज त्यो जाऊ दे खाली!"

खरंच, ठकूला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. गुणाजी राहिला होता तसं. तिने बैलाकडे पाहिलं, मग माणसाकडे.

"नाव सांग."

"ठावं हाय तुला."

"तरी सांग."

"सुभाना." त्याची मान खाली होती. "गुणाजीच्या समोर उभा ऱ्हायला, त्योच."

ठकूने मोऱ्याची वेसण हातात घेतली. म्हणाली, "ये."

तिने मोऱ्याला खोबणीत घातलं. त्याचं अंग वीतभर बाहेर राहिलं. तिने सोललेला तळवा कातळावर ठेवून सगळा जोर लावला आणि कातळाला म्हणाली, "एवढं केलंस, आता थोडं सर." आणि ओल्या मातीसारखा कातळ आत सरला म्हणे. सुभानाचा बैल मोऱ्याला न शिवता पार झाला. पुढे जाऊन सुभाना थांबला, त्याने गोणीचं तोंड सोडलं आणि ठकूच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं. सोललेल्या हाताला ते झोंबलं. तिने तो हात तसाच तोंडाला लावला.

"कातळ खरंच सरला?" परागने हळूच विचारलं.

"कोण म्हणतं कातळ सरला, कोण म्हणतं मोऱ्यानं अंग चोरलं," आबा म्हणाले. "बैल न्हाई पडला, एवढं खरं."

पुढे रस्ता झाला, सुरुंग लागले, पण कामगारांनी ओसरीला धक्का लावला नाही. तिच्या आतल्या अंगाला बैलाच्या बरगड्यांसारख्या खाचा दिसतात, त्यांच्याजवळ तळव्याएवढा खळगा. आजही उतरणारा इथे थांबतो आणि चढून येणारा वळणाआधी आपलं नाव पुकारतो. नाव मित्राचं असो की कोर्टात आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचं, ओसरीतल्याने उत्तर एकच द्यायचं असतं.

आबा बोलायचे थांबले. खालून पहिल्या गिअरमध्ये कण्हत एक टेम्पो येत होता. खिडकीतून हाक आली, "महिपती शेलार!"

आबांचा चेहरा एकदम घट्ट झाला. ते टोपीची घडी करत राहिले. पराग उत्तर द्यायला वळला, पण आबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"कोर्टात हा माझ्यासमोर उभा असतो. ह्याला उत्तर मलाच देऊ दे," ते म्हणाले, आणि घसा खाकरून त्यांनी हाक दिली, "ये!"