ढाण्याची डरकाळी

एका शहरात मोबाइलवरचे खेळ बनवणारी एक छोटी कंपनी होती. तिचे मालक श्रीनिवासराव. त्यांच्या 'ढाण्या' नावाच्या वाघाने पोरांना असं वेड लावलं होतं की त्या खेळाचे एकामागून एक सहा भाग निघाले. दप्तरावर ढाण्या, खाऊच्या डब्यावर ढाण्या. "ढाण्याला न ओळखणारं एक तरी पोर दाखवा," असं श्रीनिवासराव छाती फुगवून सांगत.

एकदा एका लग्नात कुणीतरी सहज विचारलं, "वाघ सोडून दुसरं काही जमतं की नाही तुम्हाला?" ते त्यांना फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कंपनीत खेळ रचणाऱ्या हेमांगीला बोलावलं. "अगदी नवा खेळ कर. ढाण्याचं नखही त्यात दिसता कामा नये."

हेमांगीने दोन वर्षं खपून डोळे मिटून खेळायचा खेळ केला. रानात वासरू हरवलंय. ओढ्याची खळखळ आणि पानांची सळसळ यांतून त्याच्या गळ्यातल्या घंटेचा बारीक आवाज ओळखायचा आणि तिकडे जायचं. चित्र एकही नाही. पहिली चाचणी ठरली अंध मुलांच्या शाळेत.

चाचणीच्या आदल्या दिवशी श्रीनिवासरावांचं धाबं दणाणलं. ढाण्याशिवाय आपल्याला कोण विचारणार? हेमांगी जेवायला गेली तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या माणसाकडून खेळात गुपचूप बदल करून घेतला. आता दर दहा पावलांनी ढाण्या डरकाळी फोडून "शाब्बास गड्या" म्हणणार होता.

शाळेत रेणुका नावाची मुलगी खेळायला बसली. तीनदा अडली आणि वैतागून म्हणाली, "ताई, हा मध्येच कोण ओरडतो? घंटा सापडतेय म्हणेपर्यंत हा येतो."

श्रीनिवासराव कौतुकाने पुढे सरसावले. "अगं, तो ढाण्या."

"कोण ढाण्या?"

वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. सहा भागांतला एकही खेळ या मुलांना खेळता येण्यासारखा नव्हता, हे श्रीनिवासरावांच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

वर्गाच्या बाई हेमांगीला म्हणाल्या, "इतका छान खेळ, त्यात हा गोंगाट कशाला घातलात?"

हेमांगीने मालकांकडे पाहिलं. मालक भिंतीवरचं घड्याळ पाहू लागले. तेव्हा ती खालच्या आवाजात म्हणाली, "चुकलं, बाई."

श्रीनिवासरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या एकाही मुलाला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, तरी तो कुठेतरी लपवावा असं त्यांना वाटलं. अखेर ते उठले. "चूक तिची नाही. तिच्या नकळत मी घातलं ते."

"का?" रेणुकाने विचारलं.

"भ्यालो, बाळ."

"मग आता काढा त्याला. वासरू कधीचं वाट बघतंय."

ढाण्याला तिथेच काढलं. वर्ग गप्प झाला, आणि थोड्याच वेळात रेणुका वासरापाशी पोहोचली.

पुढे खेळ गाजला. त्यावर पहिलं नाव हेमांगीचं होतं. लोक मात्र श्रीनिवासरावांच्या धाडसाची तारीफ करत, आणि दर वेळी त्यांची मान खाली जाई.

तात्पर्य: नवं काम उभं करायचं असेल तर आपल्या जुन्या कीर्तीला आधी गप्प बसवावं, तिच्या आरड्याओरड्यात नव्याची हाक कुणालाच ऐकू जात नाही.