दान दिलेले दुखणे

श्रोतेहो, जो जीव बरा होणार नाही असे दिसते, त्याच्या तोंडी रोज सकाळी दूध घालावे की घालू नये? उत्तराची घाई करू नका.

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. मंत्रविद्येत निपुण, आहारविहारात बेताल. मद्य आणि मेजवान्या यांना खळ नव्हता. तरी त्याला कधी शिंकही आली नाही. प्रजा यास पुण्याई म्हणे.

त्याच नगरात देवळात वाती वळणारी तुंगाबाई नावाची विधवा राहत असे. राजवाड्याच्या कोरड्या खंदकात तिला एकदा मांजरीचे पिल्लू सापडले. डोळे चिकटलेले, छातीत घरघर, मागचे पाय लुळे. तिने ते पदरात घेतले आणि त्याचे नाव माणकी ठेवले. दुधात भिजवलेली वात ती माणकीच्या ओठांना लावी, कोमट पाण्याने डोळे पुशी. डोळे उघडले की छाती भरून येई. छाती मोकळी झाली की पोट फुगे. अशी तीन वर्षे लोटली. माणकी पिल्लूच राहिली. दुखण्याने तिला वाढू दिले नाही.

देवळाचे पुजारी शंभुभट म्हणत, "तुंगाबाई, माणसे मरतात, आणि तुम्ही मांजराची सेवा करता!"

"माणसांना तुम्ही आहात, भटजी. हिला मी असू दे."

औषधासाठी ती तीनदा रानात गेली. पहिल्या खेपेस सात शिंगांच्या शेळीने दूध दिले आणि तुंगाबाईच्या केसांचा काळा रंग घेतला. दुसऱ्या खेपेस बोलक्या औदुंबराने चीक दिला आणि तिची झोप घेतली. तिसऱ्या खेपेस डोंगरातल्या झऱ्याने ओंजळभर पाणी दिले आणि मृत पतीचा चेहरा तिच्या स्मरणातून धुऊन नेला. तिन्ही औषधे लागू पडली. प्रत्येक औषधानंतर माणकी एक दिवस उभी राहिली. दुसऱ्या दिवशी नवे दुखणे आले. तिसऱ्या खेपेनंतर तर माणकीचा डावा डोळाच गेला.

तेव्हा तुंगाबाई खचली. देण्याजोगे तिच्यापाशी काही उरले नव्हते. माणकीला गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवून ती म्हणाली, "देवा, मी थकले. हिला ने. मलाही ने."

देव बोलला नाही. कळसावरचा भारद्वाज बोलला. "बाई, मरण मागतेस, पण एक प्रश्न विचारायचा राहिला."

"तीन वर्षे विचारते आहे, औषध कोणते?"

"औषधे तर तिन्ही लागू पडली. रोग कोणाचा, हे कधी विचारलेस?"

तुंगाबाईने विचारले. पक्ष्याने सांगितले, "राजाचा. आपले प्रत्येक दुखणे तो हातावर उदक सोडून या जिवाला दान देतो."

दुसऱ्या दिवशी ती माणकीला घेऊन भर दरबारात उभी राहिली. शंभुभटही तेथे होते.

"महाराज, या मुक्या जिवाला आपण दान दिलेत?"

राजा हसला. "दिले. राजाचे दान नाकारायची हिची काय प्राज्ञा?"

"उदक कोणी सोडले?"

"आम्ही."

त्या राज्याचा नियम असा होता की, घेणाऱ्याने 'स्वस्ति' म्हटल्यावाचून दान पुरे होत नसे. तुंगाबाईने विचारले, "आणि स्वस्ति कोणी म्हटले?"

"मांजर स्वस्ति म्हणते काय, म्हातारे? तेही आम्हीच म्हटले. प्रत्येक वेळी!"

दरबार खदखदून हसला. शंभुभट मात्र हसले नाहीत. ते उठून म्हणाले,

"महाराज, ज्याने स्वस्ति म्हटले, दान त्याचे. दिलेत आपण आणि घेतलेतही आपणच. धर्माचा निर्णय हाच."

शब्द पुरा होताच राजाचा मंत्र तुटला. माणकी तुंगाबाईच्या हातांत एका श्वासात तीन वर्षांनी वाढली, चारही पायांवर खाली उतरली आणि अंग झाडून चालू लागली. गेलेला डोळा परत आला नाही. तुंगाबाईलाही पतीचा चेहरा पुन्हा आठवला नाही. तिने ते मागितलेही नाही.

राजाच्या जागी त्याची बहीण सिंहासनावर बसली. मेजवान्या थांबल्या, दाणागोटा प्रजेच्या घरी पोहोचू लागला.

आणि रणधवल? तीन वर्षांची दुखणी एका दिवसात त्याच्या देहात परतली. डोळे चिकटले, छाती भरली, पाय लुळे पडले. तो आणखी नऊ वर्षे जगला. रोज सकाळी हातावर पाणी घेऊन तो येणाऱ्याजाणाऱ्याला दान घ्या म्हणून विनवी. पाणी जमिनीवर पडे. त्या अवघ्या राज्यात 'स्वस्ति' म्हणणारे मुख त्याला एकही मिळाले नाही.