वाढत्या अंगाचा तडा

सुतार गल्लीखालून मेट्रोचा बोगदा खणायला लागले आणि वरच्या घरांना तडे गेले. दुरुस्ती करून द्या म्हणून सांगून सांगून गल्ली थकली. मेट्रोचे तीन साहेब बघून गेले, आता चौथे आले, उपासनी साहेब. सोबत फोटो काढणारा एक आणि मान डोलावणारे दोघे.

निकुंभ टेलरच्या दुकानात शिरून साहेबांनी भिंतीकडे ओझरतं पाहिलं. "घर जुनं, तडाही जुना. बोगद्याचा संबंध नाही. दुरुस्ती मिळणार नाही."

दोघांनी माना डोलावल्या.

आधीच्या तिघांशी भांडून सत्तरीच्या निकुंभांचा घसा बसला होता. त्यांनी मापांची वही पुढे सरकवली. गिऱ्हाइकांच्या नावांत एक नाव होतं, 'तडा'. दर सोमवारी टेपने घेतलेलं माप. पहिल्या सोमवारी चार इंच, परवाच्या सोमवारी एकतीस.

"यातून काय सिद्ध होतं?" साहेब गुरकावले.

"साहेब, पन्नास वर्षं मापं घेतोय. म्हातारं गिऱ्हाईक वर्षागणिक आखडत जातं. ज्याचं माप दर खेपेला वाढतं, ते पोर असतं. हे पोर तुमचं यंत्र खाली आलं त्याच आठवड्यात जन्मलं."

दोघांनी सवयीने माना डोलावल्या. साहेबांनी वळून पाहिलं, पण तोवर उशीर झाला होता.

निकुंभांनी कानावरची पेन्सिल काढून साहेबांच्या हातात दिली.

"वहीत बापाच्या जागी सही करा, म्हणजे मी माझ्या शिवणकामाला बसतो."