दारासमोरचं स्टेशन

प्राणी बोलत असत आणि सभाही भरवत असत, त्या काळात करवंदीच्या रानात छोटी रेल्वे होत होती. रानापासून दूरच्या तळ्यापर्यंत रूळ पडले होते, डबे रंगवून तयार होते. उद्घाटनाला आठच दिवस राहिले, तसा सगळ्यांचा उत्साह उतू जाऊ लागला. माकडं रोज रूळ मोजून येत. मोराने स्वागताचा नाच बसवला. सर्वांत खूश होती म्हातारी कासवीण चंपाआजी, कारण उन्हाळ्यात तळ्यापर्यंत चालताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा.

एके सकाळी सशाने बांधकामप्रमुख साळिंदराला गाठलं. "साहेब, एक स्टेशन माझ्या बिळापाशी द्या ना." साळिंदराने दिलं.

लगेच मुंगूस आलं. "सशाच्या दारात स्टेशन, आणि आम्ही काय तुमचं घोडं मारलंय?" त्यालाही मिळालं. आठ दिवसांत बेचाळीस स्टेशनं झाली.

उद्घाटनाच्या दिवशी गाडी वाजतगाजत सुटली आणि थांबली. पुन्हा सुटली, पुन्हा थांबली. भर दुपारी अकरावं स्टेशन आलं, तेव्हा चंपाआजी खाली उतरली.

"आजी, तळं अजून लांब आहे!" ससा ओरडला.

"म्हणून तर उतरले, बाळा. मला तहान आज लागलीय," असं म्हणून ती चालू लागली. गाडी सुटेपर्यंत ती वळणाआड गेलीसुद्धा.

संध्याकाळी तातडीची सभा भरली. स्टेशनं कमी करायचं एकमताने ठरलं.

"कोणतं बंद करू?" साळिंदराने विचारलं.

बेचाळीस जणांनी आपापल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवलं.