दसरीबाई आणि सारसांची वाट

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते विचारू नका, आमची धानबोडी आणि समोरचा खैरटोला यांच्यामध्ये नुसती दलदल होती. वरून हिरवीगार, पण पाय ठेवला की डोलायची, म्हणून लोक तिला डोलण म्हणत. टोल्यातला कोंबडा आरवलेला इकडे ऐकू यायचा, पण तिथे जायचं तर वळसा घालून अर्धा दिवस चालावं लागे.

धानबोडीच्या ढिवरांत दसरीबाई नावाची बाई होती. मासे धरणं हे तिचं काम, पण जाळं टाकलं की ही काठावर बसून पाखरं बघत राही. कोण कुठे उतरतं, कोण कुठे चालतं, सगळं तिला तोंडपाठ. मासे कमी आणि गोष्टी जास्त घेऊन येते, असं तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. पाखरं बघताना ती सुखी असायची, असं म्हणतात, आणि मला ते पटतं.

डोलण ओलांडायचा प्रयत्न कोणी केलाच नव्हता असं नाही. गावातल्या दोन शहाण्यांनी कमळपक्षी तुरुतुरु धावताना पाहिला, आणि पाखरू चालतंय म्हणजे खाली जमीन आहे असं ठरवून ते त्याच्या मागे निघाले. छातीपर्यंत रुतले. दोर टाकून ओढून काढलं तेव्हा दोघांची धोतरं आतच राहिली होती. तेव्हापासून पाखरांच्या मागे जाणं हा गावात चेष्टेचा विषय झाला.

एके दिवशी दुपारी दसरीच्या धाकट्या बहिणीचा, फुलनचा, नवरा खैरटोल्यातून धापा टाकत आला. फुलन अडली होती, मूल आडवं आलं होतं. टोल्यात सुईण नव्हती. धानबोडीत सायत्राबाई होती, पण वळसा घालून तिला न्यायचं तर दिवस मावळणार होता.

"तेवढा वेळ नाई पोरीपाशी," सायत्राबाई म्हणाली.

दसरी उठली. "चाल माय, डोलणीतून जाऊ."

"त्या दोघांवानी?"

"ते कमळपक्ष्यामागं गेले. तो मूठभर जीव, पानावरून चालते. आपण सारसामागं जाऊ. तो माणसाएवढा. रुतते तिथं तो पाय टाकत नाई."

सायत्राबाईने लुगडं खोचलं.

सारसांची जोडी पिल्लू घेऊन चरत होती. पिल्लाला उडता येत नव्हतं, त्यामुळे माणसं पाहूनही ती उडाली नाहीत, नुसती पुढे पुढे चालत राहिली. मागून दसरी, आणि तिचा पदर धरून सुईण. बहिणीचा जीव तिकडे टांगलेला, तरी दसरी सावकाश चालत होती, कारण जोडी बिथरली असती तर वाटच हरवली असती. मधोमध नुसतं काळं पाणी होतं. तिथे सारस थांबले, त्यांनी मान वळवून दोघींकडे पाहिलं, एकदा मोठ्याने साद घातली आणि ते पाण्यावरून चालू लागले. त्यांच्या पावलांखाली जमीन वर येत गेली, असं म्हणतात. मी काही तिथे नव्हतो. पण आपल्या पायाला घोट्याच्या वर पाणी लागलं नाही, असं सायत्राबाई मरेपर्यंत सांगायची.

भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात त्या पलीकडे पोचल्या. सायत्राबाईने मूल फिरवलं. मुलगी झाली, आणि फुलनही वाचली. दसरी दाराबाहेर बसून पोटभर रडली.

टोल्याच्या पाटलाने तिला विचारलं, "तुले काय पायजे, बाई?"

"सारस चालते त्या पट्ट्यात नांगर घालू नका," ती म्हणाली. "आन आमच्या लोकांनी तिथं शिंगाडा लावू नये."

यावर तिचा नवरा फार चिडला, कारण शिंगाड्याला चांगली जागा तीच होती. पण दोन्हीकडच्या लोकांनी शब्द दिला, आणि तो आजवर मोडलेला नाही.

आता मूल जन्मलं की सव्वा महिन्याने आई त्याला डोलणीच्या काठावर आणते. बाळाला मामाच्या आधी सारस दाखवायचे, अशी आमच्याकडे रीत आहे, मग मामा कितीही रुसो. यंदा एकच जोडी उतरली होती, तीही लांब, गवताच्या आड. काठावर सात आया बसल्या होत्या. उन्हं चढली, बाळं रडून झोपली, पुन्हा उठली. सारसांनी गवतातून माना वर काढल्या तेव्हाच त्या घरी निघाल्या, आणि निघताना प्रत्येकीने आपल्या बाळाच्या कानात दसरीचं नाव सांगितलं.