राणीसाहेबांची झोप आणि पिकअपची डरकाळी

"गाडी वाघासारखी डरकाळली पाहिजे, नदीपलीकडे ऐकू गेली पाहिजे, आणि राणीसाहेबांची झोप मोडता कामा नये!"

चिखलगडच्या सरकारांनी हुकूम सोडला आणि मिशीवरून हात फिरवला. राज्य जाऊन जमाना लोटला होता, पण गाव त्यांना अजून सरकारच म्हणायचं आणि तेही तसेच वागायचे. समोर मालन लोहार उभी होती. हाताला ग्रीस, ओढणी कमरेला गुंडाळलेली.

झालं होतं असं, की तिठ्यावर मालन आणि तिच्या वडिलांचं गॅरेज होतं, पत्र्याची शेड. जागा मात्र सरकारांची. तिथं आपल्या नावाची दगडी कमान उभारायची, असं सरकारांच्या मनानं घेतलं. मालन तडक भांडायलाच आली.

"कमानीखाली गाडी बंद पडली तर ढकलणार कोण, सरकार? तुम्ही?"

सरकार चपापले. पण हट्ट सोडतील तर ते सरकार कसले! त्यांची नजर अंगणातल्या जुन्या पेट्रोल पिकअपवर गेली. तिच्यासाठी त्यांनी मुंबईहून चकचकीत हेडर मागवला होता. इंजिनाचा धूर बाहेर सोडणारा बिडाचा जुना मॅनिफोल्ड काढायचा आणि त्या जागी हा चार नळ्यांचा जुडगा बसवायचा, की गाडीचा आवाज दणदणीत होतो. नदीच्या पलीकडच्या काठावर बापू पाटलानं आपल्या जीपला तसलाच बसवला होता आणि येता-जाता तो तिचा आवाज सरकारांच्या कानाशी घुमवायचा. ते सरकारांना फार झोंबलं होतं.

"दुपारी बापू ओट्यावर चहा पितो. नेमकी तेव्हाच गाडी सुरू करायची. इथंच, फाटकाबाहेर न नेता! आणि नेमक्या तेव्हाच राणीसाहेब वर झोपतात. झोप मोडली, तर लगेच शेड हलवायची."

राणीसाहेबांची झोप म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मागे एका भांडीवाल्याच्या ओरडण्यानं ती मोडली, तेव्हा सरकारांना आठवडाभर ओसरीवर एकट्यानं जेवावं लागलं होतं.

"आणि जमलं तर?" मालननं विचारलं.

"जागा तुझी!"

"बोललात हां, सरकार!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालन पिकअपखाली शिरली. नट गंजून स्टडला असे चिकटले होते, जणू दोघांचं लग्नच लागलं होतं. तिनं त्यांना तेल पाजलं, गॅसच्या ज्योतीनं शेकलं, थोडं पुढं, थोडं मागं, असं चुचकारायला लागली. सरकार खुर्ची टाकून बसले होते. त्यांना दम निघेना.

"हाण की हातोडा!"

"हाणते की! मग आतला स्टड मोडला, तर इंजिन काढायला तुम्हीबी या खाली!"

सरकारांनी पाय खुर्चीवर घेतले.

जुना मॅनिफोल्ड निघाला. नवा हेडर मात्र वरून काही शिरेना, मध्ये स्टिअरिंगचा दांडा आडवा येई. "बसणार नाही, बसणार नाही!" सरकार खुशीत आले. मालननं इंजिनाचा एका बाजूचा बोल्ट ढिला केला, खाली जॅक लावून इंजिन जरासं उचललं आणि हेडर खालून अलगद वर सरकवला. गॅस्केट बसवलं, नट आवळले, प्लगच्या वायरी तापणाऱ्या नळ्यांपासून लांब बांधल्या.

मग ती हात धुवायला मागच्या दारी गेली. तिथं राणीसाहेब तुळशीला पाणी घालत होत्या. हात धुवायला मालनला जरा जास्तच वेळ लागला.

जेवणं झाली. राणीसाहेबांच्या खोलीचे पडदे ओढले गेले. सरकार दुर्बीण घेऊन गच्चीवर चढले. पलीकडे बापू पाटील ओट्यावर येऊन बसला. बशीत चहा ओतला, बशी ओठाला लावली...

"चालू कर!" सरकारांनी हात हलवून खूण केली.

धडाड! पिकअप अशी डरकाळली की आंब्यावरचे कावळे पार नदीपर्यंत उडाले. बापूची बशी धोतरावर! सरकार गच्चीवर टाळ्या पिटत नाचले. पुन्हा डरकाळी, आधीच्यापेक्षा मोठी! बापू चहा झटकत घरात पळाला.

आणि मग सरकारांना अट आठवली. धावतच ते अंगणात आले. नव्या नळ्यांवरचं तेल जळून धूर झाला होता. मालन गाडीखालून डोकावत होती.

"हरलीस, मालन! या आवाजानं मुडदासुद्धा उठला असेल! राणीसाहेबांची झोप मोडली!"

"त्यास्नीच विचारा की."

"विचारू कसा? वर जायची माझी छाती नाही!"

"वर कशाला? मी खाली धूर कुठं गळतोय का बघत होते. मग आत बसून गाडी चालू करायला कुणीतरी नको का?"

धूर विरळ झाला. स्टिअरिंगवर राणीसाहेब बसल्या होत्या. पदर खोचलेला, गाल लाल, पाय अजून ॲक्सिलरेटरवर!

"अहो! तुम्ही? आणि झोप?"

"झोप मोडायला आधी झोपावं लागतं," राणीसाहेब म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून ही गाडी चालवायला मागतेय मी. तुम्ही कधी किल्ली दिलीत? या पोरीनं विचारलं, आणि मी म्हटलं, आज दुपारी कोण झोपतंय!"

"पण... पण मला असं म्हणायचं नव्हतं!"

"मग काय म्हणायचं होतं, सरकार?" मालन ओढणीला हात पुसत उभी राहिली. "गाडी डरकाळली. पलीकडं पोचली. फाटकाबाहेर गेली न्हाई. आता जाग्या माणसाची झोप कशी मोडायची, तेवढं शिकवा. मोडून दाखवते!"

सरकारांनी दरडावायला तोंड उघडलं. त्यातून एकदम हसूच फुटलं. इतके हसले, की दुर्बीण गळ्यात गदागदा हलायला लागली.

"जागा तुझी, पोरी! आणि कमानीसाठी आणलेला दगडसुद्धा ने. पत्र्याच्या जागी भिंती घाल!"

"दगड नेऊ कशात?"

"बस आत," राणीसाहेबांनी शेजारचं दार उघडलं आणि गिअर टाकला. "अहो, तुम्ही जरा फाटक उघडता का?"